साडेपाच नळ्या

पाच गोल काढले आणि माझा हात थांबला.

पीएचडीच्या व्हायवाच्या दिवशी सकाळी आठ वाजता मी विभागाच्या प्रयोगशाळेत एक स्लाइड करत बसलो होतो. बायको आणि बार्शीची मेहुणी व्हायवा ऐकायला येणार होत्या. त्यांनाही थोडंफार कळावं म्हणून एखादं चित्र घालावं, असं मनात आलं. चित्र अगदी साधं होतं. वर एक आडवी पट्टी आणि तिच्याखाली शेजारी शेजारी निजलेल्या कार्बनच्या नळ्या, म्हणजे झाला ट्रान्झिस्टर. समोरून पाहिलं की नळ्या गोल दिसतात. माझ्या ॲम्प्लिफायरमधल्या मुख्य ट्रान्झिस्टरात नळ्या किती, ते प्रबंधाच्या एकशे बारा पानावरच्या कोष्टकात होतं. मी पान उघडलं. आकडा होता साडेपाच.

पाच गोल काढून झाले होते. सहावा अर्धा काढायचा होता.

मी बराच वेळ त्या पाच गोलांकडे पाहत राहिलो. ही नळी केसापेक्षा पन्नास हजार पट बारीक. ती एक तर असते किंवा नसते. अर्धी नळी अशी वस्तूच जगात नाही.

ही चूक कशी झाली, ते मला पाच मिनिटांत कळलं. ते सहा वर्षांत का कळलं नाही, हे मात्र अजून कळलेलं नाही. जुन्या सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरची रुंदी सांगावी लागते. ती पाच असो, साडेपाच असो, काही बिघडत नाही. वीस-पंचवीस वर्षं मी मुलांना तेच शिकवलं. मग कार्बनच्या नळ्या आल्या. मी जुन्याच तक्त्यात ‘रुंदी’ खोडून ‘नळ्यांची संख्या’ लिहिलं आणि सवयीने अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने आकडे घालत गेलो. एक, दीड, दोन, अडीच. संगणकाने निमूटपणे सगळ्यांची उत्तरं काढून दिली. त्यात साडेपाच सर्वांत सरस ठरला. एवढ्या कमी विजेत एवढा चांगला ॲम्प्लिफायर तोवर कोणी मांडला नव्हता. इतरांशी तुलनेच्या कोष्टकात आमचा नंबर पहिला होता, आणि आख्खा प्रबंध त्या पहिल्या नंबरावर उभा होता.

सहा वर्षं मी या नळ्यांवर काम केलं आणि एकही नळी डोळ्यांनी पाहिली नाही. आमच्या विद्यापीठात तसं यंत्रच नव्हतं. पाहिली असती तर कदाचित विचारलं असतं, अर्धी कुठे आहे म्हणून.

मी उठलो आणि मॅडमच्या केबिनकडे गेलो.

मॅडम म्हणजे डॉ. संयोगिता बिराजदार, माझ्या गाइड. वय छत्तीस. माझं तेव्हा त्रेपन्न. सतरा वर्षांपूर्वी ती सेकंड इयरला माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि मी फळ्याकडे तोंड करून पुटपुटलेलं सगळं वहीत उतरवून घ्यायची. पुढे ती शिकली, बाहेर जाऊन आली, सोलापूरला परतून विद्यापीठात लागली. कॉलेजवाल्यांनी आम्हा जुन्या लेक्चररांना पीएचडी करा म्हणून धारेवर धरलं, तेव्हा मी तिच्याकडे गेलो. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला सर म्हणायची. दोघांनाही त्याचा संकोच वाटायचा, आणि तो संकोच सहा वर्षं टिकला.

“सर, इतक्या सकाळी? झोप झाली ना?”

“मॅडम, अर्धी नळी असते का हो?”

“कसली अर्धी नळी?”

मी पान एकशे बारा पुढे केलं. तिने पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं.

“अरे देवा,” ती म्हणाली.

“मी कुलसचिवांना भेटून व्हायवा पुढे ढकलायची विनंती करतो.”

“पुढे म्हणजे कधी, सर? आज एकतीस मे आहे. दोनदा मुदतवाढ घेतलीय आपण. आज संध्याकाळी पावणेसहाच्या आत रिपोर्ट परीक्षा विभागात गेला नाही तर तुमचं रजिस्ट्रेशन रद्द. सहा वर्षं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून कराल?”

त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“हा प्रबंध किती जणांनी वाचला?” तिने विचारलं.

“तुम्ही, मी, दोन बाहेरचे परीक्षक. टाइप करणारे धरले तर पाच.”

“कोणाला दिसलं?”

“नाही.”

“मग आजही दिसणार नाही. आज व्हायवा होऊ दे. चूक दुरुस्त करू, पेपर लिहू, सगळं करू. पण उद्यापासून. आज तुम्ही नळ्यांचा विषय काढायचा नाही. शपथ घ्या.”

“घेतो.”

“आणि हे घ्या. तेवढंच हाताला काम.” तिने प्रिंटरमधून तीन कागद काढले. “खुल्या व्हायवात हॉलमधून कोणी प्रश्न विचारत नाही, मग बाहेरचा माणूस म्हणतो, विभाग मेलेला आहे. म्हणून मी एमटेकच्या तिघांना प्रश्न द्यायचे ठरवलेत. चार काढलेत, उत्तरं तुमची पाठच आहेत. प्रिंटरने तीन प्रती काढल्या, काढू देत. त्यातला पहिला प्रश्न आता नको. तो टाकून द्या. बाकीचे तीन तिघांना एकेक.”

“पहिला कोणता?”

“‘आपण नळ्यांची संख्या कशी ठरवली?’”

मी तीनही कागद एकावर एक ठेवले आणि कात्रीने पट्ट्या कापल्या. कापताना मनात एकच चालू होतं, सांगावं की न सांगावं. तेवढ्यात गेस्ट हाऊसमधून फोन आला. परीक्षक तयार होऊन व्हरांड्यात उभे होते. मी घाईघाईने नको ते टोपलीत टाकलं, हवं ते दारात उभ्या असलेल्या एमटेकच्या मुलाच्या, गुंडच्या हातात दिलं आणि म्हणालो, “तिघांत एकेक वाटून घ्या,” आणि गाडीकडे पळालो.

परीक्षक नागपूरचे, डॉ. खानझोडे. आडवा बांधा, पांढऱ्या मिशा, हातात कापडी पिशवी. मी गाडीचं दार उघडलं तर म्हणाले, “तुम्हीच नरोळे? बाप्पा, मला वाटलं पोरगा असेल. तुम्ही तर माझ्याच वयाचे निघाले जी.”

“उशिरा सुरुवात केली, सर.”

“घाबरून राहिले का?”

“थोडासा.”

“थोडासा! ॲनालॉगवाला माणूस.” ते मोठ्याने हसले. मला ते आवडलं. डिजिटल सर्किटला हो किंवा नाही एवढंच कळतं. ॲनालॉगला ‘जरासं’, ‘बऱ्यापैकी’, ‘होत आलंय’ असलं सगळं कळतं. मी त्या शाखेकडे गेलो त्याचं कारण बहुधा हेच असावं.

साडेअकराला हॉल भरला. बायको आणि मेहुणी दुसऱ्या रांगेत होत्या, मेहुणीच्या मांडीवर पेढ्यांचा खोका होता. मी पाऊण तास बोललो. चित्राची स्लाइड काढून टाकली होती. एकशे बारा पानावरचं कोष्टक आलं तेव्हा मी खोकलो आणि पुढची स्लाइड दाबली. खानझोडे सरांनी तीन-चार प्रश्न विचारले, सगळे पहिल्या दोन प्रकरणांतले. मी अडखळत का होईना, उत्तरं दिली. मॅडमनी दुरून डोळ्यांनीच शाबासकी दिली. मग अध्यक्ष म्हणाले, “श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचं असल्यास...”

गुंड ताडकन उठला. खिशातून चिठ्ठी काढली, वाचली, परत खिशात घातली आणि विचारलं, “सर, आपण नळ्यांची संख्या कशी ठरवली?”

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे. वाटलं, एक चिठ्ठी चुकून राहिली असेल. पण उत्तर पाठ होतं, ते आपोआप बाहेर आलं. “नळ्यांची संख्या एकापासून वीसपर्यंत बदलत नेली, प्रत्येक वेळी सिग्नलचं वर्धन आणि वीजखर्च मोजला, आणि दोन्हींचा सर्वोत्तम मेळ जिथे बसला ती संख्या निवडली.” एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. गुंड “थँक यू सर” म्हणून खाली बसला.

मग कोंडा उठली. चष्म्याची, हुशार, कधी न बोलणारी मुलगी. “सर,” ती म्हणाली, आणि चिठ्ठीत पाहून जराशी गोंधळली. “सर, आपण नळ्यांची संख्या कशी ठरवली?”

हॉलमध्ये खसखस पिकली. आता माझ्या लक्षात आलं. मी जो गठ्ठा ठेवायचा तो टाकला होता आणि जो टाकायचा तो वाटला होता. पहिल्या प्रश्नाच्या तीन प्रती, तिघांना एकेक. माझ्या हातांनी.

“जरा वेगळ्या शब्दांत सांगतो,” मी म्हणालो, आणि पुन्हा शब्दन् शब्द तेच सांगितलं. दुसऱ्या रांगेतून बायकोचा आवाज आला. तिला हळू बोलल्यासारखं वाटत होतं. “अगं, हे परत तेच सांगतायत.”

तिघांतली तिसरी, शेख, शेवटच्या रांगेत बसली होती. ती अर्धवट उठली आणि मॅडमकडे पाहू लागली. मॅडम जोरजोरात मान हलवून नाही म्हणत होत्या. बिचारीला कळेना, बस म्हणतायत की बोल म्हणतायत.

“विचारा, विचारा, लाजता कायले?” खानझोडे सर म्हणाले.

“सर, माझाही तोच आहे,” शेख म्हणाली.

हॉल हसला. खानझोडे सर मिशीला हात लावून हसू दाबत होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तोंड उघडलं. पाठ केलेलं उत्तर तिसऱ्यांदा काही येईना. पहिला शब्द आठवेना. मनात तेवढा एकच आकडा होता.

“साडेपाच,” मी म्हणालो.

“काय साडेपाच?” खानझोडे सरांनी विचारलं.

“मुख्य ट्रान्झिस्टरात साडेपाच नळ्या आहेत, सर. पान एकशे बारा.”

ते पानं उलटू लागले.

“साडेपाच,” त्यांनी वाचलं. “म्हणजे पाच पुऱ्या आणि एक अर्धी?”

“हो, सर.”

“आणि उरलेली अर्धी कुठे गेली?”

“ती कुठेच नाही, सर. मी सिलिकॉनच्या सवयीने अर्ध्याची पायरी ठेवली आणि संगणकाने ऐकून घेतलं. आज सकाळी मला दिसलं. चूक माझी आहे.”

“फक्त सरांची नाही,” मॅडम उठून उभ्या राहिल्या. “मी तपासलंय. सही माझी आहे.”

“मग पाच घेऊन का नाही चालत?” खानझोडे सरांनी विचारलं.

“पाच घेतल्या तर बाकीच्या ट्रान्झिस्टरांशी प्रमाण बिघडतं,” मी म्हणालो. “सहा घेतल्या तर उलट्या बाजूने बिघडतं.”

“सर, दुप्पट करा!” मॅडम एकदम म्हणाल्या. “सगळंच दुप्पट. साडेपाचच्या जागी अकरा. बाकीच्याही दुप्पट. प्रमाण तेच राहील.”

मी खडू घेतला. त्यांनीही घेतला. मी डावीकडून लिहीत गेलो, त्या उजवीकडून. अकरा, अठरा, सहा. प्रमाण जुळलं. वर्धन जिथल्या तिथे राहिलं. मला इतका आनंद झाला की मी हॉल विसरलो.

“आणि वीजखर्च तेवढाच,” त्या म्हणाल्या आणि खाली रेघ मारली.

“तेवढाच कसा, संयोगिता?” मी म्हणालो. “नळ्या दुप्पट झाल्या तर प्रवाह दुप्पट नाही होणार? सेकंड इयरला काय शिकवलं होतं तुला? पूस ते.”

ती पुसू लागली. पुसता पुसता थांबली. मीही थांबलो. सहा वर्षांत मी तिला एकदाही एकेरी हाक मारली नव्हती.

“यात विद्यार्थी कोण आहे, ते मला कोणी सांगून राहिलं का?” खानझोडे सर म्हणाले. हॉल पुन्हा हसला. मी कानापर्यंत लाल झालो.

“वीजखर्च दुप्पट म्हणजे,” ते गंभीर होऊन म्हणाले, “तुलनेच्या कोष्टकात तुमचा नंबर कितवा?”

मी पाहिलं. “चौथा, सर.”

“चौथा.” त्यांनी प्रबंध मिटला. अध्यक्षांनी रिपोर्टचा फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी तो घडी करून पिशवीत टाकला. “मला विचार करू द्या. स्टेशनवर देतो. नाहीतर नागपूरहून पोस्टाने पाठवतो.”

पोस्टाने म्हणजे संपलंच. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्याची हिंमत कोणात नव्हती.

जेवताना त्यांनी दोन कडक भाकरी शेंगाच्या चटणीशी संपवल्या आणि चटणीची चौकशी केली. नळ्यांचं नाव काढलं नाही. पेढे खोक्यातच राहिले. गाडी चार चाळीसची होती. चारला मी त्यांना घेऊन निघालो. वाटेत मॅडमचा दोनदा फोन आला.

“सही झाली?”

“विचारतो.”

“सर, विचारा हो. मी परीक्षा विभागाच्या दारात उभी आहे.”

मी विचारलं नाही. विचारायचं असं स्टेशनपर्यंत चारदा ठरवलं आणि चारदा घसा खाकरला. शेवटी त्यांनीच विचारलं, “घसा बिघडला का?”

फलाटावर ते बाकावर बसले. मी उभा राहिलो.

“बसा, नरोळे. मी का थांबलो, ते सांगतो. तीन महिन्यांपूर्वी तुमच्या प्रबंधावर मी जो अभिप्राय पाठवला, त्यात एक वाक्य आहे. ‘कोष्टकातली नळ्यांची निवड विशेष वाखाणण्याजोगी.’ मी लिहिलंय. नागपूरच्या खानझोडेने.” त्यांनी कपाळावर हात मारला. “साडेपाच नळ्या वाखाणल्या मी! तुम्ही बोलले नसते तर मला मरेपर्यंत कळलं नसतं. आता तुम्हाला नापास करू, तर आधी मला स्वतःला करावं लागते.”

गाडी आल्याची घोषणा झाली.

“एक खरं सांगा,” ते म्हणाले. “त्या पोरीने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला नसता, तर तुम्ही सांगितलं असतं?”

सगळा हॉल मला प्रामाणिक समजला होता. जेवणाच्या टेबलावर अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. बायको डोळे पुसत होती. हो म्हणणं फार सोपं होतं.

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

“दोनदा मी लपवलं, सर. तिसऱ्यांदा पाठ केलेलं आठवलं नाही, म्हणून खरं बाहेर पडलं.”

“आज दिवसभरात,” ते म्हणाले, “पाठ नसलेलं हे एवढंच उत्तर तुम्ही न अडखळता दिलं.” गाडी फलाटाला लागली होती. त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला, माझ्याच खिशातलं पेन ओढून घेतलं आणि काहीतरी भरभर लिहिलं. मग डब्यात चढले. “चटणी पाठवजा जी!” एवढं ओरडून सांगितलं, आणि माझं पेन घेऊन गेले.

मी फॉर्म न वाचताच परतलो. वाचायची भीती वाटत होती. परीक्षा विभागाच्या दारात मॅडम उभ्या होत्या. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि तिथेच मोठ्याने वाचला.

“‘पान एकशे बारा दुरुस्त करून पदवी देण्याची शिफारस करतो.’” त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. “खाली शेऱ्यात अजून काहीतरी आहे. ‘सूचना: या उमेदवाराला कोणताही प्रश्न तीनदा विचारावा.’”

कागद आत दिला. कारकुनाने शेरा दोनदा वाचला, आमच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. आम्ही बाहेर आलो. समोर चहाची टपरी होती. मला पुन्हा मॅडम म्हणायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

“सर, चहा घेणार?”

“नको नको.”

“चहा घ्या ना, सर.”

“खरंच नको. घरी वाट बघत असतील.”

ती थांबली. शेऱ्याच्या आठवणीने तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

“सर, चहा घेणार?”

“घेतो,” मी म्हणालो.